नसलेला वास येतो तेव्हा

प्रश्न : माझं वय 46. गेली काही वर्षं मला रसायनांचे वास अजिबात सोसत नाहीत. ताजा रंग, थिनर, फिनेल, उग्र परफ्यूम, नव्या फर्निचरचा वास यातलं काहीही नाकात गेलं की डोकं ठणकतं, मळमळतं, काही सुचेनासं होतं. ऑफिसात रंगकाम झालं, तिथपासून हे सुरू झालं. तपासण्या केल्या, सगळ्या नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले, केमिकल सेन्सिटिव्हिटी आहे. दुसरे म्हणाले, मनावर घेऊ नका, आणि झोपेची गोळी लिहून दिली. घरी यजमान म्हणतात, तुझे नाकाचे फार लाड झालेत. असाच त्रास असलेल्या माझ्या ओळखीच्या दोघींना नुकताच ब्रेन ट्यूमर निघाला, आणि माझी झोपच उडाली. रसायनांच्या वासामुळे मेंदूत गाठ होते का? की गाठ आधीच असते आणि म्हणून वास सोसत नाहीत? मी एमआरआय करून घेऊ का?

ता.क. हल्ली मधूनच वायर किंवा रबर जळल्यासारखा वास येतो. घरात दुसऱ्या कुणालाच येत नाही. अर्ध्या मिनिटात जातो. त्या वेळी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं. मुलगी म्हणते, तेव्हा हाक मारली तरी तू ओ देत नाहीस. हे त्याच सेन्सिटिव्हिटीतलं असेल ना?

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मी उत्तराला ता.क.पासून सुरुवात करतोय. तुम्ही जे जाता जाता लिहिलंत, तेच या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं आहे.

नाही, ते त्याच सेन्सिटिव्हिटीतलं आहे असं धरून चालू नका. येत्या काही दिवसांत मेंदूविकारतज्ज्ञांची, म्हणजे न्यूरॉलॉजिस्टची वेळ घ्या. वेळ मागताना ‘वासाची ॲलर्जी आहे’ असं सांगू नका. ‘अधूनमधून अर्धा मिनिट नसलेला वास येतो आणि तेवढ्यात मी प्रतिसाद देत नाही’, एवढंच सांगा. हे ऐकल्यावर तुम्हाला महिनाभर ताटकळत ठेवायला नको, हे समोरच्याला कळायला हवं. आणि त्यांची भेट होऊन निदान होईपर्यंत गाडी चालवू नका, पोहायला जाऊ नका, शिडी-स्टुलावर चढू नका, गॅससमोर एकट्या उभ्या राहू नका. अंघोळीला जाताना दाराला आतून कडी लावू नका. हे काही कायमचं नाही. पण अर्ध्या मिनिटाची बेसावधी रस्त्यावर किंवा उकळत्या भांड्यापाशी महागात पडते.

आता हे इतक्या ठामपणे का म्हणतोय, ते सांगतो. तुमच्या पत्रात दोन वेगळे त्रास आहेत आणि नाक हा त्यांच्यातला एकच समान दुवा. पहिल्या त्रासात वास खरोखर असतो. रंग लावलेला असतो, फिनेल ओतलेलं असतं, तुमच्या शेजारी बसलेल्यालाही तो वास येत असतो. फक्त त्याचं काही बिघडत नाही आणि तुम्ही मात्र आडव्या होता. दुसऱ्यात वास मुळात नसतोच. काही जळत नाही, दुसऱ्या कुणाला काही येत नाही. दर वेळी तोच वास, तेवढाच वेळ, त्याच्यासोबत पोटातली तीच उचमळ आणि बाहेरच्या जगाशी तुटलेला संपर्क. पहिला त्रास बाहेरून आत जातो. दुसरा आतच जन्मतो. वास ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात क्षणभर विजेचा गोंधळ उडाला की असं होतं, आणि त्याला आम्ही एक प्रकारची फीट म्हणतो. हातपाय झाडणं, तोंडाला फेस येणं एवढंच लोकांना फीट म्हणून माहीत असतं. पण फीट अशी गुपचूपही येते आणि कित्येकदा वर्षभर कुणाच्या ध्यानात येत नाही.

वासाचा रस्ता मेंदूत कसा जातो, ते बघा. नाकाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात वास टिपणाऱ्या पेशी असतात. त्यांचे बारीक तंतू कवटीच्या चाळणीसारख्या हाडातून वर जातात आणि मेंदूच्या पुढच्या भागाखाली असलेल्या घ्राणकंदात, म्हणजे वासाच्या पहिल्या थांब्यात, शिरतात. तिथून निरोप कानशिलाच्या आतल्या बाजूला, टेम्पोरल लोबमध्ये पोचतो. या लोबच्या आतल्या कडेला आकड्यासारखा वळलेला छोटासा भाग आहे. त्याच्याच शेजारी भीती आणि आठवण यांची केंद्रं आहेत. म्हणून या भागातून उठणाऱ्या फीटमध्ये वासाबरोबर कधी अकारण भीती दाटते, कधी ‘हे सगळं पूर्वी घडलंय’ असं वाटतं, आणि तुम्ही लिहिलंत तसं पोटातून काहीतरी वर सरकतं. वास बहुधा घाणेरडा असतो, जळका, सडका, रासायनिक. गुलाबाचा वास येतो म्हणणारे फार थोडे.

हे वैद्यकाला शंभरहून अधिक वर्षं ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनचे मेंदूविकारतज्ज्ञ ह्युलिंग्ज जॅक्सन आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीव्हर यांनी एका स्वयंपाकीण बाईंची हकीकत लिहून ठेवली. त्यांच्या झटक्याची सुरुवात एका भयंकर दुर्गंधीने व्हायची. पुढे शवविच्छेदनात त्यांच्या उजव्या टेम्पोरल लोबमध्ये गाठ सापडली. ‘वास कुठे कळतो’ या प्रश्नाच्या उत्तराची ती सुरुवातीची खूण होती.

दुसरी हकीकत अमेरिकन संगीतकार जॉर्ज गर्श्विन यांची. 1937च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचीच रचना पियानोवर वाजवताना काही क्षण त्यांचं भान सुटलं. त्या सुमारास त्यांना रबर जळल्याचा वास येऊ लागला होता. पुढे डोकेदुखी वाढत गेली. तपासणीत ठोस काही हाती लागलं नाही, आणि हा मनाचा आजार, हिस्टेरिया असावा, असं मानलं गेलं. जुलैत ते बेशुद्ध झाले, शस्त्रक्रियेत उजव्या टेम्पोरल लोबमध्ये गाठ दिसली आणि 11 जुलैला, वयाच्या 38व्या वर्षी ते गेले. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. त्या काळी मेंदूच्या आत सहज डोकावायचं साधन नव्हतं. आज एमआरआय आहे. पण त्या हकीकतीतली एक गोष्ट आजही घडते, आणि मला तिचीच धास्ती वाटते. माणसावर एकदा ‘संवेदनशील’, ‘मनाचं’ असा शिक्का बसला की त्याचं प्रत्येक नवं लक्षण त्याच शिक्क्याखाली सरकवलं जातं. डॉक्टर ते करतात, घरचे करतात, आणि शेवटी पेशंट स्वतःही करायला लागतो. तुम्ही तेच केलंत. इतकं नवं, इतकं वेगळं लक्षण पत्राच्या तळाशी टाकलंत आणि वर ‘त्यातलंच असेल ना?’ असंही विचारलंत. जुना आजार आहे म्हणून नवा आजार होत नाही, असं कुठे असतं?

हे गाठीचंच लक्षण आहे, असा याचा अर्थ नाही. टेम्पोरल लोबमधल्या फीटची कारणं अनेक आहेत : लहानपणी आलेल्या तापातल्या आकड्यांनंतर तिथे राहिलेला व्रण, डोक्याला बसलेला जुना मार, मेंदूला झालेला जंतुसंसर्ग, रक्तवाहिन्यांचा गुंता. काही वेळा सगळे स्कॅन स्वच्छ येतात आणि तरी फीट असते. मायग्रेनच्या आधीही नसलेला वास येऊ शकतो, मात्र तो बहुधा काही मिनिटं टिकतो आणि मागोमाग डोकं दुखतं. सायनस सुजले किंवा एखाद्या विषाणूजन्य आजाराने वासाच्या पेशी दुखावल्या, तरी भलतेच वास येतात, पण ते तासन्‌तास रेंगाळतात आणि माणूस पूर्ण भानावर असतो. गाठ हे या यादीतलं एक कारण आहे, आणि ते सोडून देण्यासारखं नाही. तरीही लक्षात घ्या, फीट हेच पहिलं लक्षण असलेल्या गाठींमध्ये हळूहळू वाढणाऱ्या गाठी बऱ्याच असतात, आणि त्यांच्यावर उपचार करायला वाव असतो.

आता तुमचे मूळ प्रश्न.

रसायनांच्या वासाने मेंदूत गाठ होते का? वास येणं आणि शरीराला इजा होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो आणि तो जीव घेतो. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो नाकालाच बधिर करतो, वास येईनासा होतो आणि माणूस गाफील राहतो. उलट गॅस सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेलं द्रव्य हवेत नाममात्र असलं तरी घर दणाणून जातं. तेव्हा नाकाला झोंबलं म्हणजे मेंदूला लागलं, असं नसतं.

कर्करोग करणारी रसायनं अर्थातच आहेत. फॉर्मल्डिहाइडला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग करणारं ठरवलं आहे, पण नाकामागच्या घशाचा आणि रक्ताचा. बेन्झीनचा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी आहे. मेंदूच्या गाठींबाबत मात्र खात्रीने सांगता येतील अशी कारणं मोजकीच आहेत : डोक्याला, विशेषतः लहानपणी, मिळालेला किरणोत्सर्ग आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिससारखे काही आनुवंशिक आजार. सॉल्व्हंट, म्हणजे थिनरसारखी विरघळवणारी द्रव्यं, आणि कीटकनाशकं यांच्यावर पुष्कळ अभ्यास झाले, पण त्यांचे निष्कर्ष एका दिशेने जात नाहीत. आणि ते अभ्यास वर्षानुवर्षं कारखान्यात, शेतात काम केलेल्यांचे होते, ऑफिसातल्या रंगाच्या वासाचे नव्हे. कुणी थिनर, रंग, फवारणीच्या कामात असेल तर खिडक्या उघड्या ठेवणं, हातमोजे आणि योग्य मास्क वापरणं गरजेचंच आहे. रक्त, फुप्फुसं, मूत्राशय, नसा, सगळ्यांसाठी.

दुसरा प्रश्न, गाठ असते म्हणून वास सोसत नाहीत का? घ्राणमार्गावरच्या गाठींचं नेहमीचं वागणं उलटं असतं. कपाळामागे, घ्राणकंदाजवळ वाढणारा मेनिन्जिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणातून उगवणारी, बहुधा साधी गाठ, वासाची जाण हळूहळू घालवतो. फॉस्टर केनेडी यांनी 1911 साली अशा गाठींची जी लक्षणं मांडली, त्यांत त्या बाजूचा वास जाणं आणि त्याच बाजूच्या डोळ्याची नस सुकणं हे होतं. म्हणजे वास जास्त येणं नव्हे, कमी येणं. वर्षानुवर्षं सगळेच उग्र वास न सोसणं हे एकट्याने गाठीचं लक्षण मानलं जात नाही. मायग्रेन असलेल्यांना असं फार होतं, गरोदरपणात होतं, आणि तुमच्यासारख्या काहींना एखाद्या मोठ्या वासाच्या प्रसंगानंतर सुरू होतं.

या त्रासाबद्दल एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण तुम्हाला दोन्हीकडून चुकीचं सांगितलं गेलंय. असा त्रास असलेल्यांचं नाक इतरांपेक्षा तीक्ष्ण नसतं. मोजून पाहिलं तर वास कळण्याची पातळी साधारण तीच निघते. आणि वास झाकून, खरं रसायन कधी आणि नुसती हवा कधी हे न सांगता चाचण्या केल्या, तर त्यांना दोन्हींतला फरक सहसा सांगता येत नाही. म्हणून ‘शरीरात विष साठलंय’ असं सांगून महागडे उपचार विकणाऱ्यांपासून लांब राहा. पण म्हणून त्रास खोटा ठरत नाही. एरवी मेंदू काही मिनिटांत वासाला सरावतो आणि तो विसरतो. या माणसांत ते सरावणं नीट होत नाही, धोक्याची घंटा वाजतच राहते. डोकं खरंच ठणकतं, उलटी खरंच होते. यजमानांना हा परिच्छेद वाचून दाखवा. लाडाने कुणाच्या पोटात उमासे येत नाहीत.

मग तुमच्या त्या दोघींचं काय? त्यांना एक विचारा : वासाचा त्रास गाठीच्या आधी किती वर्षं होता, की ऑपरेशन, रेडिएशन, केमोथेरपीनंतर वाढला? उपचारांनी वासाची आणि चवीची जाण पार बदलते. डोक्याला रेडिएशन घेताना काहींना प्रत्यक्ष त्या क्षणी क्लोरीन किंवा ओझोनसारखा वास येतो. आणि एकसारखा त्रास असलेली माणसं एकमेकींच्या संपर्कात असतात, त्यांच्या तपासण्याही जास्त होतात, त्यामुळे जे निघतं ते सगळ्यांना कळतं. मेंदूत सुरू होणारा कर्करोग तसा विरळा, वर्षाला लाखात 10च्याही आत. साध्या, म्हणजे कर्करोग नसलेल्या, गाठी त्याहून जास्त असतात, आणि त्या कित्येकांच्या डोक्यात निमूट पडून असतात. रॉटरडॅमच्या संशोधकांनी 2007 साली सर्वसामान्य लोकांपैकी 2000 प्रौढांच्या एमआरआयचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा 100 पैकी जवळपास एकात मेनिन्जिओमा निघाला, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणून नुसत्या फिनेलच्या त्रासासाठी एमआरआय करा, असं मी म्हटलं नसतं. एखादी निरुपद्रवी गाठ दिसते, तिचा त्रासाशी संबंध नसतो, आणि माणूस उरलेलं आयुष्य तिच्याच धाकात काढतो.

तुम्हाला मात्र एमआरआय हवा. कारण तो जळका वास. आणि सीटी स्कॅनवर भागवू नका. टेम्पोरल लोबच्या आसपास हाडं इतकी असतात की सीटीत तिथली बारीक गोष्ट निसटू शकते. फीटच्या दृष्टीने काढलेला एमआरआय, गरज वाटली तर कॉन्ट्रास्टसह (चित्र ठळक यावं म्हणून शिरेतून देतात ते औषध), आणि जोडीला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. एक ईईजी नॉर्मल आला म्हणजे फीट नाही असं होत नाही. जागरण करून किंवा झोपेत पुन्हा काढावा लागतो.

तुमच्या नाकासाठी काही सूचना, कारण तपासणीच्या खोलीतल्या वासाने तुम्ही अर्ध्यातून उठून आलात तर सगळंच मुसळ केरात. एमआरआयच्या मशीनला वास नसतो. त्रास होईल तो सॅनिटायझरचा, स्पिरिटच्या बोळ्याचा, लादी पुसायच्या औषधाचा. वेळ ठरवतानाच हे सांगा, सकाळची पहिली वेळ मागा, बाहेर मोकळ्या हवेत बसू द्या म्हणा. कॉन्ट्रास्ट शिरेत जाताना काहींना क्षणभर तोंडात धातूची चव येते. ती येते आणि जाते, तिला त्या जळक्या वासाच्या खात्यात टाकू नका. ईईजीचं जास्त जपा. साध्या ईईजीत तारा पेस्टने चिकटवतात, ते चालेल. पण तासन्‌तासांचं रेकॉर्डिंग असेल तर काही ठिकाणी त्या कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाने घट्ट बसवतात, आणि त्यात ईथर असतं. काढताना ॲसिटोन लागतं, म्हणजे नेलपॉलिश रिमूव्हरचाच वास. आधी विचारा, पेस्ट आणि पट्टीने होईल का. बहुतेक ठिकाणी ऐकतात.

भेटीला मुलीला बरोबर न्या. त्या अर्ध्या मिनिटात काय होतं याची खरी साक्षीदार तीच. आजपासून ती काय बघेल ते तिला सांगा : नजर एका जागी खिळते का, ओठ चाटणं, चघळल्यासारखं करणं, पदर किंवा बटण चाचपत राहणं होतं का, बोलणं अडखळतं का, किती वेळाने नाव सांगता येतं. शक्य झालं तर मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांगा. अनुभवी डॉक्टरला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जे सांगतो, ते पानभर वर्णनातून कळत नाही. तुम्ही एका वहीत तारीख, वेळ, वास कसा, आजूबाजूला खरंच काही जळत होतं का, दुसऱ्याला आला का, नंतर मधलं काही आठवेनासं झालं का, एवढं टिपा. खऱ्या वासाने झालेला त्रास वेगळ्या पानावर लिहा. दोन्ही एकत्र लिहिलेत तर डॉक्टरही गोंधळतील.

आणि ही वेळ येईपर्यंत पुढचं काही झालं तर थांबू नका, थेट इमर्जन्सीत जा : सगळं अंग झाडणारी फीट, एकामागून एक झटके, अचानक हातापायातली शक्ती जाणं, शब्द न सुचणं, दुहेरी दिसणं, रोज सकाळी वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, किंवा घरच्यांना वाटलं की तुम्ही नेहमीच्या राहिल्या नाहीत. फीट आली तर घरच्यांनी कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, वेळ बघायची. 5 मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवायची.

झोपेची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका. या वर्गातल्या काही गोळ्या अचानक सोडल्या की फीट येते, किंवा असलेली वाढते. तिचं नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन जा आणि न्यूरॉलॉजिस्टना पहिल्या पाच मिनिटांतच दाखवा.